गार जाकिटाचं गिऱ्हाईक

सोमवारी सकाळी चंद्रपूरच्या चौकाचौकांतल्या पडद्यांवर एकच बातमी झळकत होती. गुरुवारी पारा एक्कावन्न अंशांवर जाणार होता.

बारा वर्षांच्या कोयल मडावीनं ती बातमी आत्याच्या कारखान्याच्या दारात उभं राहून वाचली आणि मागं वळून पाहिलं. भिंतीला लागून जाकिटांच्या थप्प्या होत्या, जवळजवळ चारशे जाकिटं. भर उन्हात माणसाचं अंग गार ठेवणारी. गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावरची तीन माणसं उष्माघातानं गेली, तेव्हापासून सुमनआत्या या जाकिटामागं लागली होती. वस्तू चांगली होती, गरज तर डोळ्यांसमोर होती. मग दोन आठवड्यांत फक्त अकराच का खपली?

"जाहिरात कमी पडतेय," आत्या म्हणाली. रात्ररात्र जागून तिचा आवाज बसला होता. "चाळीस पडद्यांवर आहे. ऐंशीवर लावू."

"पडदे वाढवले की बघणारे वाढतील," कोपऱ्यातून पारख म्हणाला. पारख म्हणजे विक्रीच्या कामासाठी आणलेला यंत्रमानव. "पण बघणारे आणि घेणारे एकच आहेत का? हे जाकीट कुणासाठी केलं?"

"सगळ्यांसाठी," आत्या म्हणाली.

"तुमचे पडदे मोठ्या दुकानांत आणि सिनेमागृहांत आहेत. तिथली माणसं गार खोलीतून गार गाडीत बसतात. त्यांना कशाला लागेल?"

"ज्यांना ऊन चुकवताच येत नाही, त्यांच्यासाठी!" कोयल एकदम म्हणाली. "डांबर टाकणारे, विटा वाहणारे."

"हा आपला लक्ष्य ग्राहक (ज्याच्यासाठी वस्तू आहे तो नेमका माणूस)," पारख म्हणाला. "आता त्याच्याकडे जायचं."

"आणि काय सांगायचं?"

"काहीच नाही. विचारायचं. त्याला बाजार संशोधन (ग्राहकाची अडचण त्याच्याकडूनच समजून घेणं) म्हणतात."

तीन दिवस उरले होते.

मंगळवारी पहाटे ती पारखला घेऊन ठिय्यावर गेली. रोजंदारीची माणसं काम मिळायची वाट बघत जमतात, तो हा चौक. तिथं तिला शेवंताबाई भेटल्या. रस्त्याच्या कामावरच्या टोळीच्या त्या मुकादम. त्यांनी जाकीट बघितलं आणि हातसुद्धा लावला नाही.

"काहून घेऊ वं पोरी? गेल्या आठवड्यात आमच्या लहानूनं घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं, दिवसभर गारवा. दहा वाजता पाहा तं सारं गरम! फसवणूक हाय ही."

कोयलचे कान तापले. "मावशी, आत मेणाच्या चपट्या पिशव्या आहेत. हे मेण अठ्ठावीस अंशांना वितळतं. वितळताना ते अंगातली उष्णता शोषून घेतं, म्हणून गार वाटतं. सगळं मेण वितळलं की संपलं. मग अर्धा तास बर्फाच्या पाण्यात बुडवलं की ते पुन्हा गोठतं, आणि जाकीट पुन्हा चालू."

"बर्फाचं पाणी?" शेवंताबाई हसल्या, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "डांबराच्या भट्टीजवळ ठेवलंय काय कोणी बर्फाचं पाणी?"

मागच्या माणसांतून कुणीतरी ओरडलं, "अन् एवढं महाग जाकीट घेऊन ते उन्हाळा संपल्यावर टांगू कुठं?"

परत आल्यावर तिनं सगळं आत्याला सांगितलं. 'फसवणूक' हा शब्दही तिनं गाळला नाही.

"दोन तास गारवा असं लिहिलं तर कोण घेईल?" आत्या तडकली. "उलट आता कडक लिहू. जाकीट नसेल तर जीव जाईल. घाबरून तरी घेतील."

"घाबरून घेतील," कोयल म्हणाली. "आणि दिवसभर गार राहतं असं समजून घालून बसतील. मेण वितळल्यावर ते जाड जाकीट अंगाची वाफ अडवून धरतं, आत्या. तूच शिकवलंस मला. मग काय होईल?"

आत्यानं त्या थप्प्यांकडे बघितलं. मग उठून तिनं स्वतःच्या हातानं चाळीसही पडद्यांवरची जाहिरात बंद केली.

"पारख," ती म्हणाली, "कोयलला जे समजलं ते मला उशिरा समजलं. कामाला लागू."

बुधवारी दुपारपर्यंत रस्त्याच्या कामालगतच्या पाच चहाच्या टपऱ्यांपाशी बर्फाच्या पाण्याचे हौद उभे राहिले. कामगार चहाला तिथं येतच होते. जाकीट विकत घ्यायचं नाही, रोजच्या भाड्यानं घ्यायचं, तेही एका चहाच्या किमतीत. दर दोन तासांनी गरम जाकीट द्यायचं आणि गोठवलेलं घ्यायचं. छातीवर ठळक अक्षरांत नवी ओळ छापली होती: 'दोन तास गारवा. मग बदला. चक्कर आली तर काम थांबवा.'

"बघ," पारख कोयलला म्हणाला, "वस्तू कशी असावी, ती कितीला द्यावी, कुठं मिळावी आणि तिच्याबद्दल काय सांगावं, या चारही गोष्टी आपण ग्राहकाकडे बघून बदलल्या. हेच विपणन. जाहिरात हा त्यातला एक भाग. आपण मात्र तिथूनच सुरुवात केली होती."

शेवंताबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "खरं लिहिलं यावेळी," त्या म्हणाल्या. "पण पहिले मी घालीन. मग टोळीचं पाहू."

संध्याकाळी त्या जाकीट काढून हौदात बुडवताना फक्त "साठ पाठव" एवढंच म्हणाल्या. तासाभरात दुसऱ्या टोळ्यांचीही माणसं टपऱ्यांवर आली. शेवंताबाईंनी घातलंय म्हटल्यावर त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

गुरुवार उजाडला तोच पांढराफटक. अकरा वाजता रस्ता भाजून निघत होता. कोयल पहिल्या टपरीवर बसून जाकिटांचे क्रमांक टिपत होती. साडेअकराला सगळी जाकिटं बदलून गेली. एक सोडून. सदतीस क्रमांक.

"मावशी, सदतीस कुणाचं?" तिनं टपरीवर थांबलेल्या शेवंताबाईंना विचारलं.

त्यांनी यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "लहानूचं. तो पुलाच्या पलीकडच्या टोकाला हाय."

कोयल जाकीट चढवून, हौदात भिजवलेली फडकी घेऊन धावली. पारख तिच्याही पुढं गेला. पुलापलीकडं लहानू फावड्याला टेकून बसला होता. अंगावर घामाचा थेंब नव्हता, डोळे लाल, आणि तो कुणाशी तरी असंबद्ध बोलत होता. पारखनं त्याला उचलून पुलाच्या सावलीत नेलं. कोयलनं त्याचं जाकीट ओढून काढलं आणि त्याच्या मानेवर, काखेत, कपाळावर ती गार फडकी ठेवली. पारखनं बोलावलेली रुग्णवाहिका यायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत कोयल एकदाही बसली नाही. शेवंताबाईंनी मात्र तेवढ्या वेळात साऱ्या टोळ्यांचं काम थांबवलं.

लहानू वाचला. संध्याकाळी दवाखान्यात कोयलनं त्याला विचारलं, "तुम्ही बदलायला का आला नाहीत?"

"टपरी लई दूर," तो हळूच म्हणाला. "जाऊन येईस्तोवर डांबर थंड झालं असतं न."

कोयलला ते लागलं. जाकीट लहानूच्या हातात पोचलं होतं, पण त्याचा उपयोग त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. शुक्रवारी सकाळी दोन तीनचाकी गाड्यांवर हौद चढले आणि पुलाच्या टोकापर्यंत फिरू लागले. "वितरण (वस्तू ग्राहक असेल तिथं पोचवणं)," पारख म्हणाला, तेव्हा कोयलनं नुसती मान हलवली. तिला आता तो शब्द समजावून सांगायची गरज नव्हती.

उष्णतेची लाट ओसरली. यंदा रस्त्याच्या कामावर कुणीही दगावलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक बाई बसनं दीड तासाचा प्रवास करून कारखान्यात आल्या. वीटभट्टीवर काम करतात असं म्हणाल्या. त्यांना कुणाकडून तरी जाकिटाचं कळलं होतं. आत्यानं लगेच एक जाकीट काढून पुढं केलं.

कोयलनं ते हळूच बाजूला ठेवलं, त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि समोर बसली.

"आधी सांगा मावशी, भट्टीवर तुमचा दिवस कसा जातो?"