इसिरेलीची पाणसळ

पाऊस असा कोसळत होता, की बेटाच्या धक्क्यावरून शाळेचं बांधकामही दिसेना. वासिती धावत नीरफणसाच्या झाडाखाली शिरली. तिथे एक उंच मुलगा आधीच उभा होता. त्याच्या जर्सीवर वाइदामूच्या रग्बी संघाचं नाव होतं. तेवढं पुरे! तिने त्याच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं आणि आपल्या डोक्यावर ठेवलं.

"अगं ए! हे काय?"

"मी नावुनिकोरोची."

"मेलो!" तो हसला. इसिरेली त्याचं नाव. "पहिल्याच दिवशी तौवू गाठ पडली!"

दोन्ही गावांचं मूळ दैवत एक, म्हणून ती एकमेकांची तौवू. तौवूला वाट्टेल ते बोलावं, त्याची वस्तू न विचारता उचलावी. त्याने नाही म्हणायचं नसतं आणि परतही मागायची नसते.

"तुमच्या गावच्या बायका चटया विणतात ना? मग इथे गवंडीकाम शिकायला कशाला?" त्याने डिवचलं.

"तुमच्या गावच्या पुरुषांनी भिंत बांधली तर ती पडेल, म्हणून!"

थट्टा खरी, पण दुखणंही खरंच होतं. मागे शहरातून माणसं आली, शाळा बांधून निघून गेली. वादळात छप्पर उडालं, तेव्हा बेटावर ते नीट बसवणारा एकही माणूस नव्हता. या खेपेला सरकारने अट घातली - शाळा बांधायची ती इथल्याच हातांनी, शिकवून. शिवाय परीक्षेत जो पास होईल, त्याला प्रमाणपत्र आणि पलीकडच्या बेटावरच्या दवाखान्याच्या कामावर गवंड्याची नोकरी. वासितीला ती हवीच होती. बाप म्हणाला होता, "पोरी, तुझ्याने होणार नाही." ते वाक्य तिच्या जिवाला लागलं होतं.

शिकवायला होते मुनसामी मास्टर. चाळीस वर्षं भिंती उभ्या केलेला माणूस! डोळे मिटून भिंतीवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "तिसरा थर पाव इंच बाहेर." दोरीचा ओळंबा लावून बघावं, तर खरंच! वासिती आ वासून बघत राही. आणि हळूहळू... ती इसिरेलीकडेही बघायला लागली. केवढाले हात त्याचे, पण ब्लॉक ठेवायचा तो झोपलेलं मूल ठेवावं तसा.

रोज ती त्याचं काहीतरी उचलायची. कधी रोटी, कधी थापी.

"तू का नाही घेत माझं काही?" तिने एकदा विचारलं.

"साठवतोय. एकदाच... मोठं काहीतरी घेईन."

तिचे कान तापले. थर सपाट बसला का ते पाहायची त्याची पाणसळ उचलून ती पळाली!

परीक्षेच्या सकाळी मास्टर म्हणाले, "दुपारची घंटा होईपर्यंत सहा थरांचा कोपरा. हत्यारं आपापली. उसनी चालणार नाहीत." वासितीने सिमेंटचा माल कालवला, पहिला ब्लॉक उचलला आणि शेजारी नजर टाकली. इसिरेली ओळंब्यासाठी सुतळीला लोखंडी नट बांधत होता. नटाने भिंत सरळ उभी राहिली असती, पण थर सपाट आहे की नाही ते कसं कळणार?

मग तिला आठवलं. त्याची पाणसळ आठवडाभर तिच्या घरी खुंटीला लटकत होती, आणि हा शहाणा रिवाजापायी तोंडातून ब्र काढत नव्हता!

"अरे दगडा, बोलला का नाहीस?"

"तौवूकडे परत मागतात का?"

आपला माल वाळेल, आपली नोकरी जाईल... सगळं कळत होतं तिला. तरी ती घराकडे धावली, भर उन्हात, रात्रीच्या पावसाचा चिखल तुडवत. पाणसळ छातीशी धरून परतली, तेव्हा तिच्या मालावर ओलं गोणपाट होतं आणि इसिरेली तो पुन्हापुन्हा कालवत होता. त्याचा स्वतःचा कोपरा दोनच थरांचा.

"मास्टर, हे चालतं?" कुणीतरी ओरडलं.

"माल हत्यार नाही," मास्टर म्हणाले आणि समुद्राकडे बघायला लागले.

घंटा झाली. वासितीचे सहा थर, इसिरेलीचे पाच. मास्टरांनी दोन्हींवरून हात फिरवला. "दोन्ही ओळंब्यात. पोरी, तू पास. पोरा, तुझं काम देखणं आहे रे, पण एक थर कमी. तीन महिन्यांनी पुन्हा बस."

वासितीचा बाप कोपऱ्यापाशी आला, त्याने भिंतीवरून हात फिरवला. "माझ्या पोरीने बांधली," तो सगळ्यांना सांगत सुटला.

सोमवारी धक्क्यावर पलीकडच्या बेटाची बोट लागली. इसिरेली तिची पेटी घेऊन आला होता.

"माझ्यामुळे तुझा थर राहिला," ती म्हणाली.

"तू धावलीस ना, तेव्हा पाहिलं तुला. चिखलाने माखलेली, पाणसळ कवटाळून... त्यापुढे एका थराचं काय घेऊन बसलीस?"

वासिती म्हणाली, "आजवर तुझं सगळं न विचारता घेतलं. आज विचारून मागते. तू हवा आहेस मला, इसिरेली. आणि याला तौवूचा रिवाज नाही लावायचा. नाही म्हणायची मुभा आहे तुला."

तो गंभीर झाला. "नाही."

तिचा चेहराच उतरला.

"म्हणून बघितलं," तो हळूच म्हणाला, "जमत नाही." आणि आपली पाणसळ तिच्या हातात ठेवली. "ही ने. तीन महिन्यांनी परत मागायला येतो."

"तौवूकडे परत मागतात का?"

"बायकोकडे मागतात," तो म्हणाला.