पिंजऱ्यावरचं कार्ड

रविवारची दुपार होती. ताई तळघरातल्या उंदीरखान्यात पाण्याच्या बाटल्या बदलायला आली, तेव्हा तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, एवढं आधी सांगून ठेवलेलं बरं.

धाकट्या बहिणीला या प्रयोगशाळेत चिकटवलं तिनेच. सुई धरायला शिकवलं तिनेच. आणि आता ताईची लस तीनदा तोंडावर आपटलेली, तर धाकटीच्या लशीने उंदरांच्या रक्तात प्रतिकारद्रव्यं नुसती उसळलेली. उद्या त्यांना जंतू टोचायचे. लस घेतलेले पाच वाचले, की ताईची खुर्ची धाकटीला. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी चहा पिता पिता ताईलाच हे सांगितलं, वर बिस्किटही पुढे केलं. ते बिस्किट अजून घशात अडकलं होतं.

दोन पिंजरे शेजारी शेजारी. एकावर कार्ड 'लस'; दुसऱ्यावर 'मीठपाणी', म्हणजे नुसतं खारं पाणी टोचून तुलनेसाठी ठेवलेले. कार्डं ताईनेच लिहिलेली, कारण धाकटीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लसवाल्यांच्या कानाला एक खाच, मीठपाणीवाल्यांच्या दोन. पण धाकटी कान कधी बघतच नसे.

"तुझं कार्ड असताना कान कशाला बघू गं, ताई?" म्हणायची.

ताईने दोन्ही कार्डं काढली आणि अदलाबदल करून खोचली. बाटल्या भरल्या, दिवा मालवला, घरी गेली.

गुरुवारी सकाळी दोघी खाली उतरल्या. जिन्यातच वास आला. 'मीठपाणी'च्या पिंजऱ्यात पाचही आडवे. 'लस'च्या पिंजऱ्यात उंदरांचं पळायचं चाक करकरत होतं.

"पाचही जगले," धाकटी म्हणाली. "तोंड का पाडलंस? तुझीच शिष्या ना मी?"

ताईने हातमोजे चढवून एक जिवंत उंदीर उचलला. कानाला दोन खाचा. दुसऱ्याच्या... दोन. मग मेलेल्यांचे कान उलगडले. एक... एक... एक...

खाऱ्या पाण्यावरचे जगले होते. लसवाले मेले होते. मरणाने कान पाहिले नव्हते, कार्ड वाचलं होतं.

चाक थांबलं.

"ताई..." धाकटी हळूच म्हणाली, "तुझ्या एप्रनला हे काय लावलंयस?"

खिशावरच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात ओळखपत्र नव्हतं. पिंजऱ्याचं कार्ड होतं. अक्षर ताईचंच, शाई अजून ओली.

गट : मीठपाणी. जंतू टोचले : आज.