मामांची लिफ्टची गोष्ट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर आमच्या घरात हा विषय बंद आहे.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. गेल्या रविवारी ग्रंथालयाच्या सभागृहात गोष्टी सांगायच्या स्पर्धेची पहिली फेरी होती. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी आणि कागद न बघता सांगायची. आता माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काय घडणार? बायको म्हणाली, "मामांची लिफ्टची गोष्ट ठोकून द्या. ते थोडेच येणारेत ऐकायला?"

मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. एका हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये ते प्रेतासोबत चार तास अडकले होते, आणि हे त्यांनी नात्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितलं होतं. मला पाठच होतं.

दुपारचे चार वाजले होते. पडदे ओढून घेतलेले. साठ-सत्तर माणसं अंधारात, आणि माझ्या एकट्याच्या तोंडावर दिवा.

"मी तेव्हा लिफ्ट दुरुस्त करायचो," मी सुरुवात केली. "चौथ्या मजल्यापाशी लिफ्ट थांबली..."

"तिसऱ्या," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

लोक हसले. मीही हसलो. पण तेवढ्यात ग्रीसचा वास आला. ग्रीस आणि तपकीर. हा वास मी ओळखतो.

"दिवा गेला. शेजारी स्ट्रेचर, त्यावर पांढरी चादर. पण मी... अजिबात घाबरलो नाही. शीळ घालत बसलो..."

"खोटं. रडलो मी."

आवाज आता तिसऱ्या रांगेत आला होता. हे तर मामा कधीच बोलले नव्हते! लग्नाच्या मांडवात नेहमी शीळच असायची.

"पुढं सांगतोस," आवाज हळूच म्हणाला, "की मी सांगू?"

"तुम्हीच... सांगा."

बस्स. त्यानंतर माझं तोंड आपोआप चालायला लागलं. मी हुंदके देत ताईला, म्हणजे माझ्याच आईला, कशा हाका मारल्या. मग चादरीखालून एक गार हात कसा आला, आणि त्यानं माझा गुडघा कसा थोपटला. "उगी," ते प्रेत म्हणालं, "रडू नका. माझीही पहिलीच वेळ आहे."

टाळ्या थांबेनात. परीक्षक बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, डोळे पुसत म्हणाल्या, "आवाज काय छान बदलता हो!" पहिला नंबर मलाच.

बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "शेजारची खुर्ची रिकामी होती. पण लोक हसले की दर वेळी... कुणीतरी माझा हात धरून टाळी देत होतं."

काल ग्रंथालयातून फोन आला.

"अंतिम फेरीत तुम्ही आहातच," तिथल्या बाई म्हणाल्या. "तुमच्या मामांचंही नाव घेतलंय."

"ते... आले होते?"

"आत्ताच गेले. गोड माणूस हो! गोष्टीचं नाव दिलंय, 'माझा भाचा कसा गेला'."

"गेला? कुठे गेला?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, आधीच सांगितलं तर मजा जाईल."

फेरी परवा आहे.