मार्गासनीच्या चढावर

मार्गासनीच्या अलीकडच्या चढावर मोटार धापा टाकू लागली, पुढून पांढरी वाफ उसळली, आणि सरोजने घाबरून ती कडेच्या करंजाच्या सावलीत घेतली.

"काय झालं गं?" मागे बसलेल्या बाबांनी विचारलं.

"पाणी उकळलंय, बाबा."

सन छत्तीस-सदतीसचा सुमार. भोरच्या नारायणराव डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी मोटार विकली नाही. लेकीला चालवायला शिकवली. दर गुरुवारी ते रोगी तपासायला वेल्ह्याला जात. त्यांचा फेरा चुकला की दुरून आलेली माणसं दिवसभर ताटकळत बसत. चाक हाती धरलेली मुलगी पाहून भोरच्या पेठेत माना वळायच्या. सरोजला त्याची सवय झाली होती. वाटेत बंद पडलेल्या मोटारीची मात्र नव्हती...

तिने खाली उतरून पदराच्या टोकाने रेडिएटरचं झाकण धरलं.

"हां, हां! हात काढा आधी!"

बांधावरून एक उंच तरुण धावत आला.

"आत्ता उघडलं तर वाफ तोंडावर यील. एवढं चांगलं तोंड—" तो मधेच थांबला.

"एवढं चांगलं तोंड काय?"

"...भाजू नये, एवढंच म्हनत व्हतो."

मागे बाबा खाकरले. सरोजने हसू दाबलं, पण ते त्याला दिसलंच.

त्याचं नाव मानसिंग. भाटघरच्या धरणाचं काम चालू असताना तो तिथल्या यंत्रशाळेत हाताखाली शिकला होता. आता घरची भातशेती बघायचा आणि आसपासची तेलावरची इंजिनं दुरुस्त करायचा. मोटार निवेपर्यंत त्याने थांबायला लावलं. मग ओलं पोतं टाकून झाकण हळूच फिरवलं, ओढ्याचं पाणी भरलं, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला.

"पट्टा सैल हाय. पंखा जोरात फिरत न्हाई, म्हनून तापली." त्याने पट्टा ताणून बसवला. "आता न्हाई तापायची."

पुढच्या गुरुवारी ती त्याच चढावर तापली.

मानसिंग विहिरीवरून आला तो हसतच. "सरोजबाई, हिला हितंच थांबायची सवय लागलेली दिसतीया."

"तुम्ही म्हणाला होतात, आता तापायची नाही."

"म्हनलो व्हतो खरं." त्याने कान धरला. "चुकलं माजं."

त्याने धुण्याचा सोडा घालून रेडिएटर धुतला. खालून तांबूस गाळ भसाभसा बाहेर आला. दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. तोवर त्याची आई, साळूबाई, बाबांना ओसरीवर घेऊन गेली होती. गुडघ्याचं दुखणं सांगता सांगता तिने त्यांना ताकही पाजलं.

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा वाफ!

या खेपेला मानसिंग हसला नाही. मोटारीभोवती फिरत राहिला. "पट्टा ठीक, रेडिएटर मोकळा. गावात तापत न्हाई, चढाला तापती. आसं का?"

"चढाला मी जास्त जोर देते, म्हणून?"

तो थबकला. "परत बोला."

"जोर दिला की काहीतरी बिघडतं. उभी असली की सगळं ठीक दिसतं."

मोटार निवल्यावर, पाणी भरून, त्याने तिला बॉनेटपाशी उभं केलं आणि स्वतः चाकामागे बसून इंजिनाचा वेग वाढवला. घरघर चढत गेली. सरोज वाकून बघत होती, आणि एकदम ओरडली, "नळी! खालची रबरी नळी... चपटी होतेय!"

वेग कमी केला की नळी फुगायची, वाढवला की ओढ लागून आत बसायची. रबर जुनं होऊन मऊ पडलं होतं, आणि नेमकं जोराच्या वेळी पाणी अडत होतं. मानसिंगने नळी सोडवली, जाड तारेचं वेटोळं करून आत सरकवलं आणि ती परत आवळली. पुन्हा वेग वाढवला. नळी गोलच राहिली.

"तुमी धरलंत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात नुसता आनंद होता. "म्या दोनदा चुकलो, तुमी धरलंत."

सरोजच्या गालावर काळं लागलं होतं. त्याने हाताने खूण करून दाखवलं; तिने भलत्याच गालाला पदर लावला. दोघं हसली... आणि मग एकदम गप्प झाली. मोटार खरोखरीच दुरुस्त झाली होती.

पुढच्या गुरुवारी ती चढ न थांबता चढली. करंजाखाली मानसिंग उभा होता. सरोजने मोटार थांबवली.

"पानी कमी झालंय का?"

"बघा ना तुम्हीच."

त्याने झाकण काढलं. पाणी काठोकाठ होतं. "झालंय कमी," तो म्हणाला, आणि चार थेंब ओतले.

वैशाखभर पाणी असंच कमी होत राहिलं.

वळवाच्या ढगांनी आभाळ भरून आलं होतं, त्या दिवशी बाबा साळूबाईच्या ओसरीवर रोगी तपासत होते. करंजाखाली मानसिंग हलकेच म्हणाला, "पाऊस लागला की ह्यो रस्ता बंद. मग दिवाळीपावतर गाठ न्हाई."

"हो."

"मला पुन्याला कारखान्यात बोलावनं आलंय. जाईन म्हनतो. पर एकट्यानं जायाचं का..." त्याने हातातला पाना फिरवला. "तुमची जात येगळी, घर येगळं. समदं ठावं हाय मला. तरीबी इचारतो. याल?"

सरोजच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. पण ओसरीवर बाबा औषधाची बाटली डोळ्यांशी नेऊन चाचपत होते.

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली.

"दिला. सांगावा धाडा. म्या वाट बघतो."

पाऊस लागला. नीरा दुथडी भरून वाहू लागली. सरोज रोज ठरवायची, आज बाबांना सांगायचं. आणि रोज काहीतरी आडवं यायचं. त्यांचा ताप, मग डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला जाणं, मग पट्टी सुटेपर्यंतची काळजी. आत्ता त्यांना त्रास नको... थोडं थांबू. मानसिंगला तरी काय कळवायचं, बाबांना विचारल्याशिवाय? सांगावा गेलाच नाही.

तुळशीचं लग्न झालं. बाबांना जाड भिंगाचा चष्मा लागला. एका दुपारी त्यांनी तिच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं.

"किती वाळलीस गं. मार्गासनीचा तो मुलगा... त्याचं काय?"

तांदूळ पाखडणाऱ्या सरोजने हातातलं सूप खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे गेले होते, कान नव्हे. त्याच्याशी बोलताना तुझा आवाज बदलायचा. मी वाट पाहत होतो, तू विचारशील म्हणून."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"रागावलो असतो. एखाद्या वेळी जेवलो नसतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग हो म्हणालो असतो. तू मला विचारलंसच नाही, पोरी."

दुसऱ्याच सकाळी दोघं निघाली. मार्गासनीला मानसिंगच्या अंगणात मांडव होता. सरोजला वाटलं, कुणा भावकीतलं कार्य असेल. बाबा मोटारीतच थांबले.

साळूबाई लगबगीनं पुढे आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "आगं बाई, डाक्टरांची लेक! बरी आलीस. पोराची हळद हाय. लाव, तू बी लाव."

पाटावर मानसिंग बसला होता. त्याने वर पाहिलं, आणि त्याचा चेहराच उतरला. बायका गात होत्या. सरोजने वाटीत बोटं बुडवली, वाकली, आणि त्याच्या गालाला हळद लावली.

"लई वाट बघितली," तो पुटपुटला. "कारखान्यातबी गेलो न्हाई. सांगावा यील म्हनून. मग आईनं जमवलं."

"मी येईन म्हणायला आले होते." तिचा आवाज गाण्यात कुणाला ऐकू गेला नाही. "आज."

त्याने डोळे मिटले. "तिचा काय दोस न्हाई, सरोजबाई. जी यायचीय तिचा."

"नाही. तिला नीट सांभाळा."

ती सरळ उभी राहिली, साळूबाईच्या पाया पडली आणि बाहेर आली. मोटारीत बसून दोन्ही हात चाकावर ठेवले. बाबांनी तिच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं. पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी जाऊ या का?"

सरोजने नकारार्थी मान हलवली. "आज गुरुवार, बाबा. वेल्ह्याला माणसं वाट बघत असतील. सहा महिने झाले आपल्याला जाऊन."

आणि तिने मोटार वेल्ह्याच्या दिशेने वळवली. वाटेत दर वळणाला ती डोळे पुसत होती... बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.