तिसरं चित्र

कुपवाडच्या बालवाडीत फळ्या बसवायला तारिक आला आणि आल्या आल्या त्यानं करवतच चालवली. फळी चार बोटं आखूड निघाली.

"काका, तुमी आधी चित्रं लावली न्हाईत," पाच वर्षांचा शिवतेज म्हणाला.

मुबश्शिराबाईंच्या वर्गाची रीतच होती ती. माती असो नाहीतर रंग, हात लावायच्या आधी तीन चित्रं काढायची आणि ओळीनं लावायची: आधी काय, मग काय, शेवटी काय. तारिकचे कान लाल झाले. मुबश्शिराला हसू आवरेना.

"हसा, हसा! मला पण शिकवा की, बाई."

"फी लागंल."

"ठोकळे करून देतो पोरांना... चालतंय?"

चाललं, लय चाललं! दर शुक्रवारी नमाज आटोपून तो यायचा, केसांत भुसा तसाच. ती उगीचच ओढणी सावरायची. एकदा त्यानं स्वतःची तीन चित्रं आणली. एक स्वतःच्या कारखान्याचं, दुसरं बांधायला घेतलेल्या खोलीचं. तिसरं मात्र घडी घातलेलं.

"दाखवा की!"

"खोली तरी होऊ दे. क्रम मोडायचा न्हाई, तुमीच म्हणता ना?"

आता तिला काय कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण बाईमाणसानं आपण होऊन कसं विचारायचं... म्हणून गप्प राहिली. साताऱ्याचं स्थळ आलं तेव्हा अब्बांनी दोनदा विचारलं, "पोरी, मनात कुणी हाय का?" तेव्हाही गप्पच. तो काही बोललाच नव्हता, मग हिनं कुणाच्या जिवावर नाव घ्यायचं? अब्बांनी शब्द दिला, गुरुवारी मंगनी झाली.

शुक्रवारी तारिक आलाच नाही, आणि मंगळवारी धावत आला. "खोली झाली, बाई! रंगबी दिला!" त्यानं घडी उलगडली. चित्रात खोलीच्या दारात दोघं उभी होती, एकीच्या डोक्यावर ओढणी.

मुबश्शिरानं अंगठीचा हात पुढं केला.

"पण... मी तर तुमी शिकवल्यागतच सगळं..."

"ठोकळ्यांचं शिकवलं हो मी! ठोकळे थांबत्यात. मला विचारायला खोली कशाला पायजे होती, तारिक?"

"आणि तुमी? अब्बांनी विचारलं असंलच की, तवा माझं नाव का न्हाई घेतलं?"

"भ्याले," ती म्हणाली, आणि पोरांच्या देखत ढसाढसा रडली. "लय आवडता तुमी मला... लय."

"मला पण तुमी," तो म्हणाला.

एवढं बोलायला दोघांना सहा महिने लागले आणि वर मंगनीनंतरचे पाच दिवस.