रविवारची कोलांटी

सोमवारी सकाळी फाइट हासलिंगर म्युनिकच्या त्या छोट्या कचेरीत आला आणि बसण्याआधीच म्हणाला, "उद्या दहा वाजता सुनावणी आहे, माझा वैमानिकाचा परवाना जाणार."

वाल्बुर्गा श्टांगलने खुर्ची पुढे सरकवली. विमान-अपघातांच्या तपासात वीस वर्षं काढून ती आता खासगी चौकशा करत होती. तिचा जोडीदार झावर, निवृत्त हवालदार, प्रेट्झेल पावावरचं मीठ खरवडत बसला होता.

"काल चर्च सुटल्यावर गाव बिअरच्या बागेत बसलं होतं," फाइट म्हणाला. "डोक्यावर एका हेलिकॉप्टरने कोलांटी घेतली. गावावर असल्या खेळांना बंदी आहे. आमच्या हेलिकॉप्टरांचे मालक सांगतात, ते निळं होतं. म्हणजे मी."

"होतात?"

"निळं मीच उडवत होतो. पण तळ्यापलीकडे. एकटा, आणि सरळ."

"रंग कुणाला दिसला नाही?" झावरने विचारलं.

"सगळे उन्हाकडे बघत होते. त्यात तिसरा पेला."

दुपारी तिघं धावपट्टीवर पोचले. तिथे दोनच हेलिकॉप्टरं होती. झावरने निळ्याच्या पात्याचं टोक खाली ओढलं. पलीकडचं टोक वर गेलं.

"अरे, हा तर बागेतला सीसॉ!"

"हळू, हवालदारसाहेब," फाइट ओरडला.

पिवळ्याला चार पाती होती. तिथे ओढलेलं पातं नुसतं वाकलं, बाकीची जागची हलली नाहीत. वाल्बुर्गा शिडीवर चढली, निळ्याच्या पात्यांखालच्या दांड्यावरून बोट फिरवून उतरली.

"ओरखडासुद्धा नाही."

मालक बुर्गहार्ट रायझर घुश्शातच होता. "पिवळं काल हललंच नाही. चावी दिवसभर माझ्या खिशात होती."

"तुम्ही स्वतः नाही उडवत?"

"ईस्टरपासून डॉक्टरांनी सध्या बंद ठेवलंय. हृदय."

त्याचा पुतण्या गेर्विन बिनइंजिनाची ग्लायडरं उडवायचा. "काल निळ्यात मी फाइटच्या शेजारीच होतो," तो म्हणाला.

"खोटारड्या!" फाइट उसळला.

"बोलू द्या त्याला," वाल्बुर्गा म्हणाली. "मजा आली?"

गेर्विनचा चेहरा उजळला. "काय सांगू, बाई! उलटे झालो आणि माझी टोपी छताला चिकटली. मी पट्ट्यांत लटकलेलो. त्याने तशातच सुकाणूची काठी दाबली आणि गर्रकन सरळ केलं!"

झावर तिच्या कानाशी लागला. "पोरगा खरं बोलतोय. असलं बसल्या जागी सुचत नाही."

"खरंच बोलतोय. फक्त हेलिकॉप्टर बदललंय."

तिने सगळ्यांना निळ्याजवळ बोलावलं.

"याची पाती सांध्यावर डुलतात. खालचं धूड त्यांना वजनाने लटकतं, म्हणूनच ती त्याला वळवू शकतात. टोपी छताला गेली, म्हणजे वजन उलटं झालं, धुडाचं ते लटकणं संपलं. तेव्हा काठी दाबली की पाती कलतात, पण धूड वळत नाही. सांधा दांड्यावर आदळतो आणि दांडा तुटतो. गेर्विन, तसं झालं असतं तर तू आज इथे उभा नसतास. दांड्यावर तर ओरखडाही नाही."

"आणि पिवळं?" झावरने विचारलं.

"त्याची पाती टायटॅनियमच्या गड्ड्यात घट्ट बसवलीत. सांधा नाही, पातीच लवतात आणि धुडाला थेट पिळून वळवतात. वजन लटको न लटको. कोलांटी त्याचीच."

"मालकांना हे ठाऊक नव्हतं?"

"पक्कं होतं. म्हणून ते नुसतं कोलांटी म्हणाले. हळुवार, वजन राखून घेतलेली कोलांटी निळ्यालाही जमली असती, मग मला वाद घालत बसावं लागलं असतं. टोपीबद्दल गप्प राहायचं, हे ग्लायडरवाल्याला सांगायचं राहून गेलं." ती रायझरकडे वळली. "आणि चावी दिवसभर तुमच्याच खिशात होती."

गेर्विनने काकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"अकरा वर्षं तुमच्याकडे आहे, मालक," फाइट म्हणाला. "माझं नाव का घेतलंत?"

रायझरने पिवळ्याच्या दारावर हात टेकला.

"कळलं असतं तर डॉक्टरांनी कायमचं बंद केलं असतं," तो म्हणाला. "मला अजून एकदा उडायचं होतं."

वाल्बुर्गाने जबानीसाठी गेर्विनपुढे कोरा कागद आणि पेन धरलं. त्याने ते घेतलं नाही.

"लिही," रायझर त्याच्याकडे न बघता म्हणाला. "फाइटला उद्या दहाला पोचायचंय."