पाच नटांवरच्या रेघा

तिने कापडी पिशवी टेबलावर अशी आदळली की मास्तरांच्या कपातला चहा वर्तमानपत्रावर सांडला.

"हे बघा. 'तुमच्या गाडीतून हेच काढले' म्हणून शोरूमवाल्यांनी आमच्या हातात टेकवले."

आलेली बाई चाळिशीची होती. केस कसेबसे बांधलेले, डोळे लाल. मास्तरांनी पिशवीत डोकावलं. आत काळेकुट्ट, जेमतेम तळहाताएवढे चार तुकडे होते. गाडीच्या ब्रेकचे जुने पॅड.

मास्तर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांच्या बायकोने सव्वीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. नोकरी संपली तरी लोकांनी तिला सोडलं नाही. गाडीच्या भानगडीत ज्याला कुणी वाली नसे, तो शेवटी या 'सर्व्हेअरबाईं'च्या दारात येई. मास्तर सोबत जायचे. पिशवी धरणं, टॉर्च मारणं आणि रागावणं ही त्यांची खाती. राग त्यांना चटकन यायचा. बाईंना यायला वेळ लागायचा, पण आला की त्या आवाज खाली आणायच्या, आणि मग मास्तरसुद्धा दोन पावलं मागे सरकायचे.

"बस आधी," बाई म्हणाल्या. "पाणी पी आणि पहिल्यापासून सांग."

तिचा नवरा अकरा वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होता. मुलं त्याला व्हॅनकाका म्हणत. ब्रेक कुरकुरायला लागले म्हणून दोन तारखेला त्याने गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला दिली. दुपारी शाळा सुटायच्या आत हवी, असं बजावलं होतं. बारा वाजता गाडी धुऊनपुसून हातात आली. पाच तारखेला सकाळी उतारावर ब्रेकच लागला नाही. समोर भर चौक. त्याने व्हॅन डाव्या बाजूच्या भिंतीवर घातली. आत नऊ मुलं होती. एका मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं, बाकीच्यांना खरचटलं. त्याचा स्वतःचा पाय दोन ठिकाणी मोडला.

"शोरूमवाले म्हणतात, ब्रेक उत्तम होते, ड्रायव्हरने घाबरून भलतंच पेडल दाबलं. आता लायसन्स जाणार, वर गुन्हा. ज्या लोकांनी अकरा वर्षं डोळे झाकून पोरं सोपवली, तेच दवाखान्यात येऊन वाट्टेल ते बोलून जातात." तिचा आवाज फाटला. "तेही सोसलं असतं हो. पण आता हेच म्हणायला लागलेत, माझाच पाय चुकला असेल. मला विचारतात, मी नक्की कुठलं पेडल दाबलं गं? मी काय सांगू? मी होते का तिथे?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशा वेळी त्यांच्या हातांना काहीतरी चाळा लागायचा. त्यांनी चारही पॅड एकावर एक रचले. तीन नीट बसले, चौथा डुगडुगला आणि चळत कलंडली. त्यांनी पुन्हा रचली. पुन्हा तोच प्रकार.

"मेले धड रचूही देत नाहीत!"

बाईंनी त्या चळतीकडे बघितलं, मग त्या तिच्याकडे वळल्या.

"गाडी कुठे आहे?"

"पोलीस ठाण्याच्या आवारात. उद्या चार वाजता शोरूमची क्रेन येणार आहे. माणुसकी म्हणून फुकट दुरुस्त करून देतो म्हणालेत."

"फुकट?" बाई उठल्या. "अहो, टॉर्च घ्या."

ठाण्यातला फौजदार माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्याने ब्रेकबद्दलचा अहवाल आणि जॉबकार्ड पुढे सरकवलं. जॉबकार्ड म्हणजे गाडीवर काय काय काम झालं त्याचा कागद. 'चारही चाके उघडून ब्रेक तपासले. पुढचे पॅड बदलले. रोड टेस्ट समाधानकारक.' खाली मेकॅनिकची ठसठशीत सही.

"अहवाल शोरूमच्याच मॅनेजरने लिहिलाय," बाई म्हणाल्या. "त्यांनी चाक उघडून पाहिलं?"

"नाही. कागदपत्रांवरून दिलाय. कंपनीची माणसं आहेत, बाई. त्यांना कळणार नाही तर कुणाला?"

"ज्याच्यावर आरोप, त्यालाच परीक्षक नेमलंत होय?" मास्तर उसळले. "मी वर्गात असं केलं असतं तर सगळी पोरं पहिली आली असती!"

"अहो," बाई म्हणाल्या. मास्तर टॉर्च घेऊन उठले.

व्हॅनची डावी बाजू चेपून आत गेली होती, पण उजवं पुढचं चाक शाबूत होतं. बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. चाकाला पाच नट, आणि प्रत्येक नटावर रंगाची बारीक रेघ. नटावरून निघून ती चाकाच्या पत्र्यावर उतरत होती. रेघ पिवळी, ताजी. तिच्या शेजारी आणखी एक होती, पांढरी, जुनी, फिकटलेली.

"जवळून फोटो काढा. पाचही नटांचे."

"या रेघा कशाला मारतात?"

"नट आवळून झाला की खूण म्हणून. पिवळी दोन तारखेची. पांढरी आधीच्या सर्व्हिसची, सहा महिन्यांपूर्वीची. त्या पांढऱ्या कशा दिसतायत?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. "पट्टीने आखल्यासारख्या सरळ. नटावरून थेट पत्र्यावर. पाचही."

"चिखलाखाली झाकलेल्या असत्या तर दिसल्या नसत्या," बाई म्हणाल्या. "गाडी धुतली मात्र मनापासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजताच दोघं शोरूममध्ये हजर झाले. मॅनेजरची केबिन काचेची होती. भिंतीवर मोठा फलक: 'आज डिलिव्हरी', आणि खाली आकडा बदलायची पाटी.

"सगळं कागदावर आहे, मॅडम," मॅनेजर हसून म्हणाला. "आमच्या कामात एक पद्धत असते. आम्हाला त्या ड्रायव्हरबद्दल सहानुभूतीच आहे."

"त्या मुलीबद्दल?" मास्तरांनी विचारलं.

मॅनेजरने घड्याळ बघितलं. "साडेआठला माझी आतल्या लोकांबरोबर मीटिंग असते. तुम्ही हवं त्याला विचारा."

दारात सर्व्हिस ॲडव्हायझर दुरुस्तीला आलेल्या गाड्या नोंदवून घेत होता. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेवर तो जाड पिवळ्या पेनाने नंबर घालत होता. सतरा. अठरा.

"ती व्हॅन मीच घेतली होती," तो म्हणाला. "बाराचा शब्द दिला आणि बाराला दिली. मी शब्द मोडत नाही. आत काय केलं ते मेकॅनिकला विचारा. त्याची सही आहे ना?"

"तुम्ही मीटिंगला नाही गेलात?" बाईंनी विचारलं.

"ती आतल्यांची. मी आठ ते दहा दारातून हलूच शकत नाही. वर्षात एकदाही गेलो नसेन."

मीटिंग संपल्यावर मेकॅनिक भेटला. पन्नाशीचा, बोटांच्या भेगांत काळं भरलेलं. सही दाखवताच त्याचा चेहरा उतरला.

"माझीच आहे."

"व्हॅन आठवते?"

तो हातातल्या कामाकडे वळला. लिफ्टने वर उचललेल्या गाडीचं चाक चढवलं, लांब पान्याने एकेक नट आवळला, खिशातून हिरवं पेन काढून प्रत्येकावर रेघ मारली.

"हिरवी का?" मास्तरांनी विचारलं.

"दर एक तारखेला रंग बदलतो. सकाळच्या मीटिंगला नवीन पेनं वाटतात. चाक शेवटचं कुठल्या महिन्यात उघडलं ते रंगावरून कळतं." मग तो हळूच म्हणाला, "संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा पुढे टाकतात हो. चाळीस-चाळीस कार्डं. घरी जायचं असतं. आम्ही सह्या ठोकतो."

बाहेर पडल्यावर मास्तर फुत्कारले, "झालं! यानेच काम न करता सही केली. चांगली बेडी पडली पाहिजे याला."

"सही बिनवाचता केली, हे खरं. त्याचा जाब तो देईल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "पण त्या व्हॅनला त्याने हातही लावलेला नाही."

चार वाजता क्रेन आली तेव्हा पोलीस ठाण्याच्या आवारात फौजदार, व्हॅनवाल्याची बायको आणि मास्तर व्हॅनला पाठ लावून उभे होते. मॅनेजर आला. बाईंच्या सांगण्यावरून फौजदाराने ॲडव्हायझर आणि मेकॅनिकलाही बोलावून घेतलं होतं.

"हा काय तमाशा?" मॅनेजर म्हणाला. "चाक उघडायचं तर आमच्या वर्कशॉपमध्ये उघडू."

"तिथे उघडलं की पुरावा संपला. म्हणूनच क्रेन फुकट आहे," बाई म्हणाल्या. "फौजदारसाहेब, या नटांवरची पांढरी रेघ बघा. सहा महिन्यांपूर्वी नट आवळून मारलेली. नट फिरवला की रेघेचा नटावरचा तुकडा फिरतो आणि पत्र्यावरचा जागीच राहतो. चाक काढून परत बसवलं तर पाचच्या पाच रेघा पुन्हा तंतोतंत जुळतील का?"

फौजदार वाकला. एकेक नट बघत गेला. "नाही जुळणार."

"इथे पाचही जुळल्यात. हे चाक सहा महिन्यांत निघालेलं नाही. चाक काढल्याशिवाय पॅड बदलता येत नाहीत. मग नवे पॅड बसवले कुठून? खिडकीतून?"

मास्तरांना हसायचं होतं, पण संतापाने जमलं नाही.

"जुने पॅड परत दिलेत आम्ही!" मॅनेजर म्हणाला.

"ते हे. काल आमच्या मास्तरांना याची चळत काही केल्या लावता येईना. मला वाटलं, हात थरथरतायत. हात ठीक होते. तीन पॅड या व्हॅनच्या जातीचे आहेत, चौथा लहान गाडीचा. भंगाराच्या पिंपातून घाईघाईत उचललेत. मेकॅनिकने डोळे झाकून उचलले असते तरी हाताला फरक कळला असता. म्हणजे उचलणारा मेकॅनिक नव्हता."

आता मास्तरांच्या डोक्यात उजेड पडायला लागला.

"राहिली पिवळी रेघ. गाडी आली दोन तारखेला. एक तारखेपासून आत सगळ्यांकडे हिरवी पेनं होती. पिवळा रंग मागच्या महिन्याचा. ज्याने ही रेघ मारली त्याला रंग बदलल्याचं ठाऊकच नव्हतं. कारण पेनं मीटिंगला वाटतात आणि तो मीटिंगला जात नाही." बाई ॲडव्हायझरकडे वळल्या. "तो त्या वेळी दारात उभा असतो. पिवळ्या पेनाने काचांवर नंबर घालत."

ॲडव्हायझरचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. फौजदाराने पुढे होऊन ते पेन काढून घेतलं.

"उघडा चाक," फौजदार म्हणाला. "इथेच."

मेकॅनिकने न विचारता पाना हातात घेतला. चाक उतरलं. आतला पॅड झिजून झिजून नुसता पत्रा उरला होता. मेकॅनिक तो हातात घेऊन बघत राहिला, मग त्याने कपाळावर हात मारला.

"आत जागाच नव्हती," ॲडव्हायझर बोलायला लागला. "एकही लिफ्ट रिकामी नव्हती. बाराचा शब्द दिला होता. कुरकुर तर होती नुसती, आठवड्याने परत बोलावून करून टाकू म्हटलं... आणि साहेब रोज फलकावरचा आकडा विचारतात. आकडा कमी झाला की सगळ्यांसमोर उभं करतात."

"मी असलं काही करायला सांगितलेलं नाही!" मॅनेजर ओरडला.

"नाही सांगितलंत," बाई म्हणाल्या. "पण अपघात झाल्यावर चाक न उघडता अहवाल लिहिलात. उघडलं तर काय दिसेल याची भीती नसती, तर तुम्ही पहिल्याच दिवशी उघडलं असतं. नऊ पोरं होती यात. नऊ!"

एवढ्या वर्षांत मास्तरांनी बायकोला ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं.

व्हॅनवाल्याची बायको पुढे आली. ती मारणार असंच सगळ्यांना वाटलं, फौजदारानेसुद्धा अडवायची घाई केली नाही. तिने ॲडव्हायझरचं मनगट धरलं.

"हे सगळं माझ्या नवऱ्यासमोर बोलायचं. तुझ्या तोंडाने. आत्ता."

फौजदाराला जबाब घ्यायचाच होता. अर्ध्या तासात सगळे दवाखान्यात होते. व्हॅनकाका पाय टांगून पडला होता. ॲडव्हायझर पलंगाशी उभा राहून, मान खाली घालून, एकेक गोष्ट बोलत गेला. चाक उघडलंच नाही. पॅड भंगारातले. रेघ मी मारली. तुमचा पाय बरोबरच पडला होता, काका.

व्हॅनकाकाने डोळे मिटले. बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरांना वाटलं, आता हा माणूस शिव्या देणार आणि द्याव्यातच.

त्याने डोळे उघडले.

"त्या दिवशी अशा किती गाड्या सोडल्यास?"

ॲडव्हायझर एक पाऊल मागे सरकला.

"किती?"

"सहा. त्या दिवशीच्या सहा. आणि त्याआधी..."

व्हॅनकाका कोपरावर रेटा देऊन उठायला लागला. पायाला बांधलेलं वजन खडखडलं, वेदनेने तोंड वाकडं झालं, तरी तो थांबेना.

"मग उभा काय राहिलास? त्या आत्ता रस्त्यावर असतील! लाव फोन त्यांना. एकेकाला लाव. सांग, असाल तिथे गाडी थांबवा."

ॲडव्हायझरने फौजदाराकडे बघितलं. फौजदाराने मान हलवली. ॲडव्हायझरने पहिला नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि फोन काही उचलला जात नव्हता.

"परत लाव," व्हॅनकाका म्हणाला.